हुंब्याच्या नाळेत पाच जिन्नस

कार्तिकी पौर्णिमा उलटली आणि मोहनलाल काकांनी लोणी गावातल्या धान्याच्या दुकानात गादीवर बसल्याबसल्या फर्मान काढलं, "आता चातुर्मास संपला. पायाखाली जीवजंतू येण्याची भीती सरली. पीयूष बेटा, ह्या वर्षी मला हुंब्याच्या नाळेत घेऊन चल."

हुंब्याची नाळ म्हणजे जुन्नरच्या पश्चिमेला सह्याद्रीचा कडा चिरत थेट कोकणात उतरणारी घळ. पीयूषच्या खापरपणजोबांचे वडील मारवाडातून आल्यावर कल्याणहून ह्याच वाटेनं पाठीवर गाठोडं घेऊन घाट चढले होते, असं घरात सांगत. अर्ध्या चढावर ते एका कपारीत थांबले आणि पुढे चार पैसे हाती आल्यावर त्यांनी तिथे पगलिया, म्हणजे देवाच्या पादुका, कोरून घेतल्या. घरातल्या कुणीच त्या पाहिल्या नव्हत्या. काकांना त्या पाहायच्या होत्या, आणि त्याही ह्याच वर्षी. त्यांच्या गुडघ्यांच्या वाट्या बदलायची तारीख ठरली होती आणि त्यानंतर असल्या वाटा चढायच्या नाहीत, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. पीयूषला वडील नव्हते. काकांनीच त्याला वाढवलं होतं. त्यानं एका क्षणात शब्द दिला, "काका, दर्शन घडवल्याशिवाय आणणार नाही तुम्हाला परत!"

शब्द दिला खरा, पण शब्द देणाऱ्याचं वजन चौऱ्याण्णव किलो होतं. हे वजन काही लपून नव्हतं. पीयूष रोज सकाळी दुकानातल्या धान्याच्या काट्यावर उभा राही आणि हमाल गेणभाऊ लांबूनच ओरडे, "दोन पोत्याला थोडंच कमी हाये, शेठ! आजचा दिस निघंल!" पीयूष हसून घेई. पण आतून त्याला ते लागत असे.

मोहिमेला मिळाला त्याचा कॉलेजातला मित्र, खोडदचा समर्थ. कांदा-टोमॅटोची शेती आणि रविवारी दोर घेऊन कडे चढायचे, असा त्याचा संसार. हडकुळा, उन्हानं रापलेला, तोंडानं भारी फटकळ. त्याची थोरली बहीण संस्कृती ज्युनिअर कॉलेजात जीवशास्त्र शिकवायची. ती म्हणाली, "मीपण येते. तुम्ही दोघं म्हाताऱ्या माणसाला कुठं नेऊन ठेवाल, नेम नाही." असे चौघं झाले.

निघण्याआधी समर्थनं अंगणात दोर पसरून बेत समजावला. "नाळेच्या मधी डाव्या हाताला एक पट्टी जाती. पाऊलभर रुंद. खाली सगळा मोकळा कडा. पट्टीच्या त्या टोकाला कपार. मी म्होरं जानार, काका मधी. अलीकडच्या टोकाला दोर कमरंला घिऊन बसायला माणूस पायजे. खडक कच्चा हाये, खिळा धरत न्हाई. अलीकडं झाड न्हाई. मी साठ किलो, ताई पन्नास. काका घसरलं तर आमी त्यांच्या मागं वढलं जाऊ. तू बसायचंस, पीयूषशेठ! आमची ढेप हायेस तू!"

सगळे हसले. पीयूषही हसला आणि घरी आला तो मनात एक निश्चय घेऊनच.

निश्चय असा, की मोहिमेच्या दिवसांत उणोदरी करायची. उणोदरी म्हणजे भुकेपेक्षा कमी खाणं, पोटाचा कोपरा रिकामा ठेवूनच उठणं. त्यांच्या जैन घरात ते तप मानतात. त्याच्या जोडीला त्यानं दिवसाला पाचच जिन्नस खायचा नियम घेतला. उकडलेले मूग, खाकरा, काकडी, पेरू आणि पाणी. हो, पाणीसुद्धा मोजायचं! सकाळी हात जोडून मनातल्या मनात नियम घ्यायचा, कुणाला सांगायचं नाही. तपही होईल, वजनही उतरेल आणि पादुकांपुढे हलकं होऊन उभं राहता येईल. एका दगडात किती पक्षी! शिवाय भीती कसली? दोन वर्षांपूर्वी पर्युषणात त्यानं अठ्ठाई केली होती. आठ दिवस नुसत्या उकळलेल्या पाण्यावर! नवव्या दिवशी गावातून वाजतगाजत मिरवणूक निघाली होती. आठ दिवस निभावणाऱ्याला दोन दिवस म्हणजे काय, असं त्याला वाटलं. अठ्ठाईचे आठही दिवस आपण उपाश्रयात, म्हणजे साधूंच्या मुक्कामाच्या जागी, पंख्याखाली बसून काढले होते, ही गोष्ट मात्र त्याच्या ध्यानातच आली नाही.

पहिला दिवस पठारावरच्या चालीचा होता. डांबरी रस्ता संपला तिथे समर्थनं गाडी लावली आणि चौघं सोनेरी वाळल्या गवतातून पश्चिमेकडे निघाले. लांबवर कड्याची धार दिसत होती आणि तिच्यापलीकडे एकदम काहीच नाही, नुसती निळी पोकळी. कारवीच्या काटक्या अंगाला घासत होत्या. वाऱ्याला गवताचा कोरडा, गोडसर वास होता. काका काठी टेकत बेतानं, पण न थांबता चालत होते. त्यांचं सगळं मिळून बावन्न किलो वजन. दर तासाला ते बसत, खिशातून खारीक-बदाम काढून चावत आणि पुन्हा चालू लागत.

दुपारी जेवायला बसले तेव्हा समर्थनं फडकं सोडलं. नाचणीच्या भाकरी, गुळाचा खडा, शेंगदाण्याची चटणी. "आईनं मुद्दाम बिनलसणाची कुटली तुमच्यासाठी. लसूण न्हाई म्हून रडत व्हती बिचारी!" काकांनी आनंदानं घेतली. पीयूषनं मात्र डब्यातले मूठभर मूग खाल्ले आणि अर्धा खाकरा.

"एवढंच?" संस्कृतीनं विचारलं.

"मला एवढं पुरतं."

"तुला? अरे, तू काही न करता नुसता पडून राहिलास ना, तरी श्वास, काळीज, मेंदू, अंगाची ऊब, एवढं चालू ठेवायलाच तुझ्या शरीराला अठराशेच्या आसपास कॅलरी लागतात. जितकं अंग मोठं तितकी भट्टी मोठी. त्यात आज पाठीवर ओझं आणि दिवसभर चाल. दुपटीच्या वर गेलं गणित! मूठभर मुगावर कसं भागेल?"

"सकाळी भरपूर खाल्लंय," पीयूषनं थाप मारली. तिनं त्याच्याकडे निरखून पाहिलं.

कड्यालगतच्या वाडीत ठमाबाईंच्या घरी मुक्काम होता. काकांचा चौविहार, म्हणजे सूर्य बुडाल्यावर अन्नही नाही आणि पाणीही नाही. ठमाबाईंना समर्थनं आधीच सांगून ठेवलं होतं. ऊन होतं तेव्हाच त्यांनी भात, उडदाचं वरण आणि लाल भोपळ्याची भाजी वाढली. वरणावर तुपाची धार पडली तेव्हा पीयूषच्या तोंडाला पाणी सुटलं. पण जिन्नस तर पाचच! त्यानं पोट बिघडल्याचं सोंग केलं आणि काकडी चावत बसला. रात्री झोपताना डोकं ठणकत होतं. त्यानं समाधान मानलं की तप चांगलं चाललं आहे.

सकाळी नाळेत उतरायला सुरुवात झाली. पहिलाच टप्पा सरळ खाली! दोन्ही बाजूंना काळे कडे आणि मधे घरंगळत आलेल्या धोंड्यांचा खच. कुठला धोंडा पक्का आणि कुठला डुगडुगणारा, हे पाय ठेवल्यावरच कळायचं. समर्थ पुढून ओरडत होता, "डाव्या अंगानं! त्यो मोठा धोंडा हलतोय!" एका जागी जुन्या पायऱ्या तुटून पुरुषभर उंचीचा खड्डा पडला होता. तिथे दोर लावून एकेक जण उतरला. पुढे कड्याला आग्या मधमाशांची पोळी लटकलेली. श्वास रोखून, एक शब्द न बोलता, अत्तर-तेलाचा वास नको म्हणून डोक्यावर फडकी बांधून चौघं खालून निसटले. तेवढ्यात काकांची काठी एका दगडावर टक्कन वाजली. सगळे जागीच थिजले! वर एक काळी लाट पोळ्यावरून सरकून गेली आणि पुन्हा शांत झाली. पोळी मागे पडल्यावर काका हळूच म्हणाले, "मध आम्ही खात नाही, हे त्यांना कळलं असणार."

समर्थनं हसू दाबलं. पीयूषला मात्र विनोद उशिरा कळला. त्याला सगळंच उशिरा कळायला लागलं होतं. पाय कुणा दुसऱ्याचे असावेत तसे चालत होते. घाम येत होता, पण गार.

दुपारच्या सुमाराला पट्टी आली. समर्थनं सांगितली होती तशीच! कड्याच्या पोटातून पन्नास-साठ फूट गेलेली, पाऊलभर रुंद, वर वाळलेलं निसरडं गवत. खाली पाहिलं की झाडांचे शेंडे दिसत आणि त्यांच्याही खाली कोकण. पलीकडे कपारीची काळी सावली. काकांनी तिकडे पाहून हात जोडले.

अलीकडे दगडात एक खोबण होती. पीयूषनं त्यात बसून समोरच्या धोंड्याला पाय लावायचे, दोर कमरेभोवती घ्यायचा आणि काका जातील तसा सोडायचा. तो बसला. समर्थनं दोर हातात दिला आणि विचारलं, "धरला का?"

"एकशे दहा," पीयूष म्हणाला.

"काय?"

"तूरडाळ. एकशे दहानं दे."

समर्थनं वाकून त्याच्या तोंडाकडे पाहिलं आणि तो किंचाळलाच, "ताई! ह्याला बघ! हात कसं कापत्यात बघ!"

दोर पीयूषच्या बोटांतून सुटून घरंगळत होता. समर्थनं झडप घालून तो पकडला. संस्कृतीनं पीयूषला खांद्याला धरून कड्यापासून मागे ओढलं आणि मनगट हातात घेतलं. अंग गार, घामानं चिंब, नाडी धावत होती.

"काल सकाळपासून काय खाल्लंस? खरं सांग. आत्ता थाप मारलीस तर काकांचा जीव जाईल!"

मग सगळं बाहेर पडलं. उणोदरी, पाच जिन्नस, मूग आणि काकडी. सांगताना त्याच्या डोळ्यांतून पाणी आलं. त्याला काकांच्या तोंडाकडे पाहवेना.

समर्थ कपाळावर हात मारून खालीच बसला. "आरं, आमाला ढेप पायजे व्हती राव, आन् तू ढेपंलाच उपाशी ठिवलंस?"

"पण एवढी चरबी आहे ना अंगावर?" पीयूष पुटपुटला. "ती नाही का जळत?"

"जळते. पण सावकाश," संस्कृती म्हणाली. "चरबी म्हणजे तुझ्या गोदामातला माल. चढावर शरीर हाक मारतं गल्ल्यापुढच्या मालाला. तो म्हणजे साखर, थोडी रक्तात आणि थोडी यकृतात-स्नायूंत साठवलेली. ती तू काल संपवलीस आणि नवीन भरलीच नाहीस. आता गिऱ्हाईक दारात उभं आणि हमाल गोदामातून एकेक पोतं आणतोय. मेंदूला तर साखरच लागते, म्हणून तुरीचा भाव सांगत बसलास! उपाश्रयात बसून अठ्ठाई झाली, कारण तिथं गिऱ्हाईकच नव्हतं." तिनं पिशवीतून गूळ काढला. "हा खा. लगेच."

पीयूषनं हात मागे घेतला. "सहावा जिन्नस होतो. सकाळी नियम घेतलाय."

"नियम?" समर्थ उसळला. "हितं..."

"थांब, समर्थ," काका म्हणाले. ते काठी टेकत येऊन पीयूषसमोर बसले. रागावले नव्हते. लहानपणी गृहपाठ घ्यायला बसत, तसे बसले. "बेटा, नियम घेताना पच्चक्खाण रोज म्हणतोस. त्यात शेवटी काय येतं?"

"आगार येतात."

"आगार म्हणजे?"

पीयूषनं अर्थ कधी विचारलाच नव्हता. ते शब्द तो लहानपणापासून घडाघडा म्हणत आला होता.

"आगार म्हणजे सूट. नियम देतानाच त्यात सोय ठेवलेली असते. चुकून तोंडात गेलं तर सूट. मोठं काम अडलं तर सूट. आणि शरीर ठिकाणावर राहिलं नाही, जीव घाबरला, तर ते ठिकाणावर आणण्यापुरतं घ्यायचीही सूट. नियम मोडत नाही. ज्यांनी नियम केले त्यांना माणसाचं अंग ठाऊक होतं. तुला नव्हतं." त्यांनी गुळाचा खडा फोडून त्याच्या तळहातावर ठेवला. "आणि लपवून केलेलं, काट्यावर आकडा बघायला केलेलं, त्याला मी तप म्हणणार नाही. खा."

पीयूषनं गूळ तोंडात टाकला. डोळे मिटले. आजवर त्यानं दुकानातून गुळाच्या किती ढेपा विकल्या असतील, पण गूळ असा लागतो हे त्याला ठाऊक नव्हतं. मग पाणी. मग भाकरीचा तुकडा, चटणी, काकांच्या खिशातली खारीक, पुन्हा भाकरी. संस्कृती सावकाश खायला लावत होती. हळूहळू कापरं थांबलं. कानातला आवाज गेला. समोरचं कोकण पुन्हा नीट, रेखीव दिसायला लागलं. तिनं त्याला उलटे आकडे म्हणायला लावले, बोटं घट्ट आवळायला लावली, पुन्हा नाडी पाहिली. बऱ्याच वेळानं ती म्हणाली, "आला माणसात."

पण तोवर ऊन कलायला लागलं होतं. समर्थनं आभाळाकडे पाहिलं. "आता दोन खेपा हुयाच्या न्हाईत. अंधारात ह्या धोंड्यांतनं काकांना वर न्हेता यायचं न्हाई. एकच खेप. न्हाईतर परत फिरू."

"परतच फिरू," काका म्हणाले. "मुलाचा जीव ठिकाणावर आला, दर्शन झालं मला."

बेत असा होता की काका परतल्यावर पीयूषनंही पलीकडच्या झाडाला बांधलेल्या दोराच्या आधारानं जाऊन यायचं. आता त्यानं कपारीकडे एकदा पाहिलं, मनातल्या मनात तिचा निरोप घेतला आणि खोबणीत जाऊन बसला. धोंड्याला पाय लावले. दोर कमरेभोवती घेतला. "काका, तुम्ही जा. मी इथं बसतो. समर्थ, बांध त्यांना. ढेप तयार आहे!"

संस्कृतीनं मान डोलावली. समर्थनं काकांच्या कमरेला, मांड्यांना दोराचा पट्टा आवळला आणि दोराचं दुसरं टोक घेऊन तो स्वतः पुढं सरकला. पलीकडे पोचल्यावर त्यानं ते कपारीपुढच्या झाडाला बांधलं. मग काका निघाले. तोंड कड्याकडे, एक पाऊल, मग दुसरं. पीयूष वीतवीत दोर सोडत होता. कपाळावरचा घाम पुसायलाही हात मोकळा नव्हता. काका कपारीच्या सावलीत शिरले आणि दिसेनासे झाले.

मग वाऱ्यावरून एक बारीक, थरथरता आवाज आला. काका स्तवन म्हणत होते. पीयूषला इतकं बरं वाटलं की तो एकटाच हसायला लागला.

परतीला काकांची पावलं जास्त धीट पडत होती. मन भरलं की माणूस जरा विसरतो. स्वतः निघायच्या तयारीनं समर्थनं पलीकडून झाड सोडून दोर हातात घेतला होता आणि काका पट्टीच्या अलीकडच्या भागात आले होते. आता दहा पावलं. आता सहा.

गवत सटकलं!

काकांचा डावा पाय हवेत गेला, मग उजवा. एक अस्फुट आवाज, आणि ते पट्टीखाली दिसेनासे झाले! दोर सपकन ताठला. समर्थच्या हातातून तो फर्रकन निसटला आणि बावन्न किलोंचा हिसका एकट्या पीयूषच्या कमरेवर आला. तो बसल्या जागेवरून वीतभर पुढे खेचला गेला. दोर कमरेत रुतला. तळहात भाजले. पाय धोंड्याला भिडले आणि मांड्यांतून एक कळ निघाली. पीयूषनं दात आवळले, सगळं अंग मागे टाकलं. सगळंच्या सगळं! एक किलोही मागे ठेवला नाही!

दोर थांबला.

"काका!"

"आहे रे," खालून आवाज आला. "चष्मा तेवढा गेला."

"पीयूष, सोडू नगंस!" समर्थ पलीकडून सरसर येत ओरडला.

"सोडतोय कशाला! तू ये सावकाश!"

संस्कृती पीयूषच्या मागे बसून त्याच्या कमरेला मिठी मारून राहिली होती. समर्थनं पट्टीवर पालथं पडून हात खाली घातला, पीयूषनं वीतवीत दोर ओढला, आणि काकांची पांढरी टोपी आधी वर आली, मग काका. कोपर खरचटलं होतं, बाकी धडधाकट. ते रांगत खोबणीपर्यंत आले आणि पीयूषच्या मांडीवर डोकं टेकून पडले. पीयूषला त्यांच्या पाठीवरून हात फिरवायचा होता, पण बोटं दोरावरून उलगडेचनात. संस्कृतीनं ती एकेक करून सोडवली.

"वजन किती म्हणालास तुझं?" काकांनी डोळे मिटूनच विचारलं.

"चौऱ्याण्णव."

"चांगलं आहे."

"काका, त्याला चढवू नका," संस्कृती म्हणाली. "वजन उतरवायचं आहेच. घरी. रोज थोडं चालून, डाळ-भात-भाजी-भाकरी सगळं प्रमाणात खाऊन, महिन्याला एखाददुसरा किलो. डोंगरावर नाही!"

चढताना काकांनी पादुकांचं वर्णन केलं. त्या फार लहान आहेत, काकांच्या तळहाताएवढ्या. बोटं झिजलीत, टाचा शाबूत आहेत. कपारीत बसायला जेमतेम चार माणसांची जागा आणि पाण्याचं एक टाकं. "दमलेला माणूस तिथंच बसणार," ते म्हणाले. पीयूष दर टप्प्यावर थांबून गूळ-शेंगदाणे खात होता आणि ऐकत होता. पादुका त्यानं पाहिल्या नव्हत्या, पण त्याचं त्याला मुळीच वाईट वाटत नव्हतं.

ठमाबाईंच्या अंगणात पोचले तेव्हा सूर्याची शेवटची कड कोकणावर उरली होती. काका घाईनं दूध प्यायले, पाणी प्यायले, मग त्यांनी तोंड धुतलं आणि हात जोडून चौविहाराचं पच्चक्खाण घेतलं. पीयूष शेजारी उभा राहिला. "काका, मलाही द्या."

"तुला नाही," काका म्हणाले.

सूर्य बुडाला. ठमाबाईंनी आतून ताटं आणली. भात, वरण, भोपळा, भाकरी आणि वर तुपाची वाटी. त्या संध्याकाळपर्यंत चाळीस वर्षं, दिवेलागणीनंतर काकांनी अन्नाच्या ताटाला हात लावला नव्हता. त्यांनी ठमाबाईंच्या हातातून एक ताट घेतलं, ते पीयूषसमोर ठेवलं आणि त्याच्या भातावर स्वतः तूप वाढलं.

"जेव," ते म्हणाले, आणि त्याचं जेवण होईपर्यंत शेजारी बसून राहिले.